वारा एकट्याला जास्त लागतो

गेवराईहून शेवगावकडे सायकल काढली की वाटेत उमापूर लागते. हा रस्ता एकंदरीत मावळतीकडे जातो आणि जून-जुलैत मराठवाड्यात वाराही मावळतीकडूनच येतो. पेरण्या नुकत्याच झालेल्या, पिके वीतभर. वाऱ्याला अडवायला शिवारात काही नसते. अशा दिवशी एकटा सायकलस्वार निघाला, तर सपाट रस्त्यावरही आपण घाट चढतो आहोत असे त्याला वाटू लागते. त्याच्या पायांत जोर कमी असतो असे नाही. हे साधे गणित आहे.

सायकलस्वाराला थोपवणारा हवेचा जोर अंगावर येणाऱ्या हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सायकल ताशी २० किलोमीटरने चालली आहे आणि समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आहे, तर अंगावर येणारी हवा ताशी ३५ किलोमीटरची होते. हवेचा वेग पावणेदोनपट झाला, पण तिचा जोर तिपटीवर गेला. मोटारसायकलवाल्याला एवढा वारा जाणवतही नाही, कारण त्याच्या वाट्याचे काम पेट्रोल करते. सायकलवाल्याचे पेट्रोल म्हणजे सकाळी खाल्लेली भाकरी. ती झपाट्याने संपू लागते.

आता याच रस्त्यावर मागून दुसरा सायकलस्वार आला आणि दोघे एकामागे एक चालू लागले, असे समजू. पुढच्याचे अंग हवा कापत जाते. त्याच्या पाठीमागे कमी दाबाचा, काहीसा शांत हवेचा पट्टा तयार होतो. मागचा त्या पट्ट्यात राहिला, तर त्याला होणारा हवेचा विरोध साधारण ३० ते ४० टक्क्यांनी घटतो. फायदा एकतर्फीही नसतो. मागे कुणी असल्यामुळे पुढच्याच्या पाठीशी होणारी हवेची ओढ थोडी कमी होते आणि त्याचेही दोन-तीन टक्के वाचतात. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील संशोधकांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या दाट घोळक्याचा अभ्यास केला. घोळक्याच्या आतल्या भागात हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या तुलनेत जेमतेम ५ ते १० टक्के उरतो, असे त्यांना आढळले. शर्यतीत शेवटपर्यंत घोळक्यात लपून राहिलेला स्वार अखेरच्या काही मीटरमध्ये अचानक पुढे का निघतो, त्याचे उत्तर या आकड्यांत आहे.

आपल्याकडच्या रस्त्यांवर हा हिशेब जरा सैल धरावा लागतो. दोन चाकांत हातभर अंतर ठेवून चालणे सरावाच्या खेळाडूंनाच जमते. खड्डा दिसला म्हणून पुढच्याने अचानक ब्रेक दाबला, तर मागचा पडलाच म्हणून समजा. एक-दोन मीटर अंतर ठेवले तरी आडोसा बऱ्यापैकी मिळतो आणि समोरचा रस्ताही दिसतो. वारा पडलेला असेल आणि वेग ताशी दहा-बारा किलोमीटर असेल, तर मात्र मागे राहिल्याने फारसा फरक पडत नाही. एक गोष्ट कुणीही करू नये. उसाच्या ट्रॉलीच्या किंवा ट्रकच्या मागे आडोशाला लागू नये. आडोसा उत्तम मिळतो, पण पुढचे काहीच दिसत नाही, आणि ट्रॉलीचा मागचा दिवा लागेल याचा भरवसा नसतो.

सोबतीचा हिशेब एवढ्या हवेपुरताच असता, तर तो भौतिकशास्त्राच्या पुस्तकात संपला असता. शंभर वर्षांपूर्वीची मुंबईची एक गोष्ट वेगळे सांगते.

१९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये प्रवास पूर्ण करून परतले. बाकीचे वाटेत गळाले. त्यांच्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९२४ मध्ये, फ्रामरोझ दावर हा मुंबईचाच क्रीडापत्रकार निघाला, तोही एकटा. सुमारे ५ हजार किलोमीटर तो एकट्यानेच चालला. मग व्हिएन्नात त्याला गुस्ताव श्टावजानिक नावाचा ऑस्ट्रियन सायकलपटू भेटला. देश वेगळा, भाषा वेगळी, धर्म वेगळा. दोघे बरोबर निघाले आणि पुढची सुमारे सात वर्षे बरोबर राहिले. सहारा वाळवंट, अँडीज पर्वत, अॅमेझॉनचे खोरे असा प्रवास करून १९३१ मध्ये ते मुंबईला पोहोचले.

या प्रवासात कुणी कुणाच्या मागे राहून किती टक्के हवा वाचवली, हा प्रश्नच गैरलागू आहे. सहाऱ्याच्या वाळूत सायकल चालवायची कमी आणि ढकलायची जास्त. तिथे सोबत लागते ती दुसऱ्या कारणांसाठी.

ती कारणे शोधण्याची सुरुवातही सायकलपासूनच झाली. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिपलेट नावाचा संशोधक होता. त्याला सायकल शर्यतींचा नाद होता. शर्यतींच्या नोंदी चाळताना त्याच्या लक्षात आले की, घड्याळाशी एकट्याने झुंजणाऱ्या स्वारापेक्षा पुढे गती देणारी सायकल असलेला स्वार बराच जलद जातो. यात हवेच्या आडोशाचा वाटा आहे हे त्यालाही ठाऊक होते. आडोसा वजा केला तर काय उरते, हे पाहण्यासाठी त्याने मुलांना मासेमारीच्या गळाची दोरी गुंडाळायचे रीळ फिरवायला दिले, कधी एकट्याने तर कधी दुसऱ्या मुलाशेजारी. इथे वारा नव्हता. तरीही ४० पैकी २० मुले शेजारी कुणी असताना जलद झाली. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निबंध सामाजिक मानसशास्त्रातल्या पहिल्या प्रयोगांपैकी एक मानला जातो. पुढच्या संशोधकांनी त्याचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा परिणाम सांगितला जातो तेवढा ठसठशीत नव्हता असे दिसले. मात्र ट्रिपलेटने प्रामाणिकपणे नोंदवलेली एक बाब सहसा सांगितली जात नाही. त्या ४० पैकी १० मुले शेजारी कुणी असताना उलट गडबडली आणि मंदावली. ती मुले लक्षात ठेवण्याजोगी आहेत, कारण सायकलच्या रस्त्यावर ती पुन्हा भेटतात.

अलीकडच्या प्रयोगांतून चित्र आणखी स्पष्ट होते. अमेरिकेतच २०१२ मध्ये महाविद्यालयीन तरुणींवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. व्यायामाच्या स्थिर सायकलवर जमेल तितका वेळ पायडल मारायचे, एवढेच काम. एकट्या तरुणी सरासरी १०.६ मिनिटे टिकल्या. पडद्यावर आपल्याहून थोडी सरस अशी जोडीदार सायकल चालवताना दिसत होती, तेव्हा ही सरासरी १९.८ मिनिटांवर गेली. ‘दोघींपैकी जी आधी थांबेल, तिचीच वेळ जोडीची वेळ धरली जाईल’ असे सांगितल्यावर ती २१.९ मिनिटे झाली. आपल्यामुळे दुसरीचे नुकसान होऊ नये, या भावनेने पाय चालत राहिले. पडद्यावरच्या जोडीदारणीचे चित्रीकरण आधीच झालेले होते, हे त्या तरुणींना माहीत नव्हते.

ऑक्सफर्डमध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ वल्हेपटूंनी यंत्रावर ४५ मिनिटे वल्हवण्याचा सराव केला, कधी एकट्याने तर कधी संघाबरोबर एका तालात. सरावानंतर त्यांची वेदना सोसण्याची मर्यादा मोजली गेली. श्रम तेवढेच असूनही संघाबरोबर वल्हवल्यानंतर ती मर्यादा अधिक वाढलेली होती. मेंदूत पाझरणारी एंडॉर्फिन ही नैसर्गिक वेदनाशामके यामागे असावीत, असा संशोधकांचा तर्क आहे. एंडॉर्फिन थेट मोजलेले नव्हते आणि माणसेही बाराच होती, तेव्हा हा तर्कच समजावा. पण टाळ-पखवाजाच्या ठेक्यावर पावले टाकत पंढरपूर गाठणाऱ्यांना तो पटायला जड जाऊ नये. मुक्ताईची पालखी बीड जिल्ह्यातूनच जाते; दिंडीत रोज कोसच्या कोस चालणारी साठी-सत्तरीची माणसे एरवी बाजारापर्यंत चालायलाही कुरकुरतात, हे घरोघरी ठाऊक असते.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ही सोबत एका विशिष्ट पद्धतीने जुळून येते. ‘ब्रेव्हे’ नावाचा प्रकार गेल्या काही वर्षांत पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरसह महाराष्ट्रात रुजला आहे. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे असतात. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेल्या थांब्यांवर कार्डावर नोंद करून घ्यायची आणि वेळेत पोहोचायचे. बाहेरची मदत थांब्यांवरच घेता येते. थांब्यांच्या मधे पंक्चर झाले, चेन तुटली, तर स्वतःच निस्तरायचे. मात्र त्याच वाटेवरचा दुसरा स्वार मदत करू शकतो.

या नियमाने एक गंमत घडते. घरून एकटा निघालेला माणूस शंभर-दीडशे किलोमीटरनंतर कुणाच्या तरी वेगाशी जुळतो. नावगाव विचारण्याआधी दोघांनी एकमेकांच्या मागे-पुढे तासभर वारा वाटून घेतलेला असतो. रात्री तर ही जुळणी आपोआप होते, कारण एका दिव्यापेक्षा दोन दिव्यांत रस्ता जास्त दिसतो आणि मागून येणाऱ्या वाहनालाही दोघे लवकर दिसतात. या क्लबचे मूळ १९०४ मधले. तेव्हा सगळ्यांनी एका कप्तानाच्या मागे ठरावीक वेगाने जायचे, असा दंडक होता. पुढे १९२१ मध्ये क्लबने ‘ज्याने त्याने आपल्या वेगाने जावे’ अशी मोकळीक दिली. सोबत सक्तीची राहिली नाही, आणि तरीही ती टिकली.

एकट्याने जाणाऱ्यांचे काय? पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियातील पर्थहून सुरुवात करून १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली. बहुतेक अंतर एकटीने. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून लुटले गेले, रशियातल्या बर्फात रात्री काढाव्या लागल्या. ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या शर्यतीत एकट्याच्या गटात १२ दिवसांची मर्यादा असते. २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी काही तासांच्या फरकाने ती पूर्ण केली. शर्यत एकट्याची असली, तरी प्रत्येकामागे गाडीतून चालणारा चमू असतो. कुणी खाण्याचा हिशेब ठेवतो, कुणी झोपेचा. त्याच शर्यतीत २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू जोडीच्या गटात उतरले होते. एकाने चालवायचे, दुसऱ्याने गाडीत झोपायचे, असे करत त्यांनी नऊ दिवसांच्या आत अमेरिका ओलांडली.

चमूतला माणूस झोपेचा हिशेब का ठेवतो, याचे कारण वैद्यकीय आहे. सलग १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. २४ तास जागरण झाले, तर ती ०.१ टक्क्याच्या जवळ जाते. भारतात वाहनचालकाला कायद्याने ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. जागलेल्या माणसाचे डोळे उघडे असताना मेंदू काही सेकंद झोपून घेतो. या डुलक्यांची खबर ज्याला त्या लागतात त्यालाच नसते. बाजूने चालणाऱ्याला मात्र कळते: सायकल पांढऱ्या पट्ट्याकडे सरकते, उत्तरे एका शब्दाची येतात, मग तीही येत नाहीत. गप्पा मारल्याने झोप थोडी लांबते, पण टळत नाही. अशा वेळी खऱ्या सोबत्याचे काम म्हणजे ‘चल, थोडेच राहिले’ म्हणणे नव्हे, तर बसस्टॉपच्या कट्ट्यावर २० मिनिटे झोपायला लावून शेजारी जागत बसणे.

उन्हाचेही तसेच. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. उष्माघातात शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि पहिला फटका मेंदूला बसतो. माणूस चिडचिडा होतो, बरळतो, वाट चुकतो, ‘मला काही झाले नाही’ म्हणतो. ज्या अवयवाने धोका ओळखायचा, तोच आधी बिघडलेला असतो. उष्माघात म्हणजे कोरडी, तापलेली त्वचा, असे अनेकांच्या डोक्यात बसलेले असते. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात घाम चालूही असू शकतो. त्यामुळे घामावरून अंदाज न बांधता वागण्याकडे पाहावे. बोलण्यात गोंधळ दिसला, तर सावलीत न्यावे, अंगावर मुबलक गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत थंड करणे थांबवू नये.

दुसरा धोका याच्या उलटा आहे. तहानेच्या धास्तीने काही जण तासन् तास नुसते पाणी पीत राहतात. घामावाटे मीठ जात असते, वर पाण्याने उरलेले मीठ पातळ होते आणि रक्तातले सोडियम घसरते. मळमळ, डोकेदुखी, बोटे सुजणे आणि पुढे हाही गोंधळच. तहान लागेल तेवढे प्यावे आणि लांब पल्ल्यावर त्यात मीठ-साखर असावी. लिंबू-सरबत, ओआरएस, चिमूटभर मीठ घातलेले ताक, काहीही चालेल. सोबत्याने दर तासाला ‘शेवटचे खाल्लेस कधी?’ एवढे विचारले, तरी पुष्कळ काम होते. एकट्याने निघणाऱ्याने हा प्रश्न विचारायला घरचे कुणी नेमावे: ठरावीक वेळी फोन, आणि फोन आला नाही तर काय करायचे तेही आधीच ठरलेले.

आता ट्रिपलेटची ती गडबडलेली दहा मुले. सोबत सगळ्यांनाच मानवते असे नाही. पुढे जाणाऱ्यांचा वेग आपला नसतो, पण मागे पडण्याची लाज असते. पहिल्या ५० किलोमीटरला दमसास संपवून बसलेले नवखे प्रत्येक ब्रेव्हेत दिसतात. स्नायूंतली साखर संपली की पाय शब्दशः थांबतात आणि मग ज्यांच्या नादाने धावलो ते केव्हाच पुढे गेलेले असतात. यावर सोपी कसोटी आहे. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल, तर वेग पेलतो आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर तो वेग दुसऱ्याचा आहे. तिथे घोळका सोडावा. छातीत दुखत असताना केवळ गट थांबत नाही म्हणून पायडल मारत राहणे ही तर सोबतीची सर्वांत महाग किंमत ठरू शकते.

ब्रेव्हे, जगप्रवास, अमेरिकेतल्या शर्यती हे हौशी लोकांचे विषय झाले. सोबतीने सायकल चालवण्याचा मोठा पुरावा मात्र शाळकरी मुलींकडून मिळाला आहे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत गेलेल्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढले. शाळा गावापासून तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती, तिथे फरक जास्त होता. सायकली एकाच वेळी सगळ्या मुलींना मिळाल्या, म्हणून त्या घोळक्याने जाऊ लागल्या आणि त्यामुळे सुरक्षितता वाढली असावी, असे एक कारण त्यांनी सुचवले आहे. एकाच घरात एक सायकल आली असती, तर ती मुलगी एकटीच रस्त्यावर दिसली असती, आणि बहुधा घरच्यांनी तिला पाठवलेच नसते.

महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. वाड्या-वस्त्यांवरून मोठ्या गावातल्या शाळेत जाणाऱ्या मुलींची रांग सकाळी पाहिली, तर ड्राफ्टिंग हा शब्दही न ऐकता त्यांनी ते शिकून घेतल्याचे दिसते. वारा समोरून असला की दांडगी मुलगी पुढे, लहान मागे. पुढची दमली की ती बाजूला होते आणि दुसरी पुढे येते. चेन पडली की सगळ्या थांबतात. हवा भरायचा पंप मात्र चौघींत मिळून एकच असतो आणि नेमका त्याच दिवशी तो घरी राहिलेला असतो.